तारावा आणि परतीची फेरी: अमेरिकी मरीन कोअरच्या दुसऱ्या उभयचर बटालियनचा इतिहास

प्रश्नाचे दोन भाग आहेत. अमेरिकी मरीन कोअरची (समुद्रातून किनाऱ्यावर चढाई करणाऱ्या सैन्यदलाची) दुसरी उभयचर ट्रॅक्टर बटालियन, जी आज दुसरी असॉल्ट ॲम्फिबियन बटालियन म्हणून ओळखली जाते, ती दुसऱ्या महायुद्धात, प्रशांत महासागरातील तारावाच्या १९४३च्या लढाईत एवढी निर्णायक कशी ठरली, हा पहिला भाग; आणि पाण्यातून व जमिनीवरून चालणाऱ्या चिलखती गाड्यांच्या अशा बटालियनी आजच्या क्षेपणास्त्रांच्या काळात बाळगण्यात अर्थ आहे का, हा दुसरा. यांत्रिक पायदळात अनेक वर्षे काढलेला माणूस म्हणून माझे मत आधीच सांगतो. या बटालियनचा इतिहास बहुतेक ठिकाणी किनाऱ्यावरच्या शौर्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पण तिचे खरे काम जहाज आणि किनारा यांच्या मधल्या पाण्यात चालते, आणि तिची खरी परीक्षा पहिल्या फेरीत होत नाही, परतीच्या फेरीत होते. सैनिक उतरवून गाडी माघारी फिरली, पुन्हा भरली आणि पुन्हा किनाऱ्याला लागली, तरच बटालियनने काम केले असे म्हणता येते.

या गाडीचा जन्म सैन्यात झालेला नाही. ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या रोबलिंग घराण्यातील डोनाल्ड रोबलिंग या अभियंत्याने फ्लोरिडातील क्लिअरवॉटर येथे १९३०च्या दशकात ती बनवली, तीही चक्रीवादळात अडकलेल्या लोकांना दलदलीतून बाहेर काढता यावे म्हणून. फ्लोरिडाच्या अंतर्भागात वादळानंतर जी अवस्था होते, तिथे होडी चिखलात रुतते आणि मोटार पाण्यात बुडते. दोन्हीकडे चालेल असे काहीतरी हवे होते. १९३७ मध्ये ‘लाइफ’ नियतकालिकात या ‘ॲलिगेटर’ची छायाचित्रे आली, ती नौदलातील एका ॲडमिरलमार्फत मरीन कोअरच्या अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचली, आणि पुढच्या वर्षी पाहणीसाठी एक मेजर क्लिअरवॉटरला गेला. तरी पैशांअभावी दोन वर्षे काही हलले नाही. पहिली मोठी मागणी १९४०च्या अखेरीस गेली आणि फूड मशिनरी कॉर्पोरेशन या कंपनीने, जिचा मूळ धंदा फळे-भाज्यांवरील प्रक्रियेच्या यंत्रांचा होता, जुलै १९४१ मध्ये डनिडन येथील कारखान्यातून पहिली गाडी बाहेर काढली. तिचे नाव एलव्हीटी-१.

या गाडीची रचना समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. तिला जहाजासारखा पाण्यात ढकलणारा पंखा (प्रोपेलर) नव्हता. साखळीपट्ट्यांवर बसवलेली वाकडी पाती जमिनीवर माती धरत आणि पाण्यात वल्ह्यासारखे पाणी मागे ढकलत. त्यामुळे एकच यंत्रणा दोन्हीकडे चालत असे; पण कागदोपत्री वेग पाण्यात ताशी जेमतेम १० किलोमीटर आणि जमिनीवर सुमारे १९ किलोमीटर एवढाच होता, आणि भरलेली गाडी लाटांत तेवढाही गाठत नसे. सुमारे दोन टन माल मावे. वरून ती उघडी होती. मागे दार किंवा उतरण्याचा फळा नव्हता. सैनिकाला पूर्ण सामानासह बाजूच्या कठड्यावरून उडी मारून उतरावे लागे, म्हणजे नेमक्या सर्वांत धोक्याच्या क्षणी तो गाडीच्या सर्वांत उंच ठिकाणी असे. खारे पाणी आणि वाळू पट्ट्यांच्या चाकांतील बेअरिंगे खाऊन टाकत. ज्याने तरंगणारे चिलखती वाहन पाण्यात घातले आहे त्याला हे सांगावे लागत नाही की अशा गाडीत थोडेफार पाणी शिरतेच; प्रश्न फक्त ते शिरते त्याहून लवकर बाहेर फेकले जाते की नाही एवढाच असतो, आणि ते फेकण्याची ताकद शेवटी इंजिनाकडूनच यायची असते.

बटालियन उभी राहिली ती मालवाहतुकीसाठी. मूळ कल्पनेत हल्ल्याचे सैनिक होड्यांतून उतरणार होते आणि या ट्रॅक्टरांनी दारूगोळा, पाणी आणि अन्नाच्या पेट्या जहाजावरून थेट किनाऱ्याच्या आत नेऊन टाकायच्या होत्या, म्हणजे किनाऱ्यावर मालाचे ढीग साचणार नाहीत. ऑगस्ट १९४२ पासून प्रशांतातील ग्वाडलकॅनाल बेटावर एलव्हीटी-१ने हेच केले. तिथे त्यांना कोणी लढाऊ वाहन मानले नाही, आणि तो निष्कर्ष त्या वेळी बरोबरच होता, कारण पत्र्याला चिलखत नव्हते.

तारावाने हे बदलले, आणि त्याचे कारण भूगोल आहे. गिल्बर्ट बेटांमधील तारावा हे कंकणाकृती प्रवाळद्वीप आहे. आज ते किरिबाती या देशात येते. त्याच्या नैर्ऋत्य टोकाला बेटिओ नावाचे जेमतेम तीन किलोमीटरांहून थोडे लांब बेट आहे, ज्यावर जपान्यांनी धावपट्टी बांधली होती आणि रिअर ॲडमिरल केइजी शिबाझाकी यांच्या हाताखाली साडेचार हजारांहून अधिक माणसे, त्यांत कोरियन मजूरही, तटबंदी करून बसली होती. बेटाच्या उत्तरेस, लगूनच्या म्हणजे कंकणाच्या आतल्या पाण्याच्या बाजूला, पाचशे मीटर आणि त्याहूनही रुंद असा प्रवाळाचा सपाट कट्टा आहे. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स होडीला तरंगायला साधारण चार फूट पाणी लागते. कट्ट्यावर तेवढे पाणी असेल का, यावर सगळी योजना टेकली होती.

त्या बेटांवर पंधरा वर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी इशारा दिला होता की तीन फूटही पाणी मिळणार नाही. ते खरे ठरले. २० नोव्हेंबर १९४३ हा दिवस वद्य अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे भांगेच्या, सर्वांत कमी चढणाऱ्या भरतीचा. त्यातच चंद्र पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत दूरच्या बिंदूवर होता, त्यामुळे भरती-ओहोटीचा फरक नाममात्र उरला आणि कट्ट्यावरचे पाणी तासन्‌तास जागचे हलले नाही. या योगायोगाचा नीट खगोलशास्त्रीय उलगडा १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने केला. मात्र ‘कोणालाच कल्पना नव्हती’ असे जे लिहिले जाते ते मला पटत नाही. दुसऱ्या मरीन डिव्हिजनचे कमांडर जनरल ज्युलियन स्मिथ आणि योजना आखणारे डेव्हिड शूप यांना धोका दिसत होता, म्हणूनच त्यांनी मालवाहू ट्रॅक्टर हल्ल्याच्या पहिल्या लाटांत घालण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय नाइलाजाचा होता, आणि या बटालियनचे पुढचे ऐंशी वर्षांचे अस्तित्व त्यातून निघाले.

अडचण संख्येची होती. बटालियनकडे ग्वाडलकॅनालच्या काळातल्या, झिजलेल्या अशा ७५ एलव्हीटी-१ चालण्याजोग्या स्थितीत होत्या. नव्या, वेगवान एलव्हीटी-२ अमेरिकेत होत्या, पण त्या आणायला एलएसटी जातीची मोठी जहाजे लागत आणि ती संथ जहाजे ताफ्यात घ्यायला नौदलाच्या बाजूने ॲडमिरल रिचमंड टर्नर नाखूष होते. ट्रॅक्टर नसतील तर मोहीमही नाही, अशी भूमिका मोहिमेतील उभयचर दलाचे प्रमुख जनरल हॉलंड स्मिथ यांनी घेतली तेव्हा ५० एलव्हीटी-२ मंजूर झाल्या. त्या सामोआमार्गे थेट रणभूमीकडे निघाल्या. त्यांच्या चालकांनी आणि त्यांत बसणाऱ्या सैनिकांनी एकत्र सराव केलाच नाही. इकडे न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या कारखान्यांतून जुन्या गाड्यांच्या चालककक्षासमोर साधारण नऊ मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्रे बसवून घेण्यात आले. त्या पत्र्यांमुळे समोरून येणारी गोळी काही प्रमाणात अडली. बाजू मात्र उघड्याच राहिल्या.

हल्ल्याच्या सकाळी पहिल्या तीन लाटांत ८७ ट्रॅक्टर होते: पुढे ४२ एलव्हीटी-१, मागे ४५ एलव्हीटी-२. लगूनमध्ये शिरून रांगा लावेपर्यंत त्यांना लांबचा प्रवास करावा लागला, आणि जड भरलेल्या गाड्या अपेक्षित वेग गाठू शकल्या नाहीत. किनाऱ्याला लागण्याची वेळ साडेआठवरून पावणेनऊ आणि मग नऊ अशी पुढे ढकलली गेली. पण नौदलाचा मोठा तोफमारा नऊच्या आधीच थांबला. गाड्या अजून लांब असताना मिळालेल्या त्या काही मिनिटांत बचाव करणाऱ्यांनी दक्षिण किनाऱ्यावरची माणसे उत्तरेकडे आणली. योजनेतील ही चूक शस्त्रांची नव्हती, घड्याळाची होती. उभयचर वाहनाचा पाण्यातला वेग कागदावर कधीच मोजू नये, ही गोष्ट इथे फार महाग पडली.

नऊ वाजून दहा मिनिटांच्या सुमारास पहिला ट्रॅक्टर किनाऱ्याला लागला. पुढच्या दहा मिनिटांत दीड हजारांहून अधिक मरीन बेटिओवर होते. जाताना ८७ पैकी फक्त आठ गाड्या गमावल्या गेल्या. इथपर्यंत पाहिले तर प्रयोग अपेक्षेहून यशस्वी झाला होता, आणि बऱ्याच लिखाणात गोष्ट इथेच संपते.

खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गाड्या माघारी वळल्या, कारण चौथ्या लाटेपासून पुढचे सैनिक होड्यांतून येत होते आणि होड्या कट्ट्याच्या बाहेरच्या कडेला अडकणार हे ठरलेले होते. त्यांना तिथून उचलून आत आणायचे काम याच ट्रॅक्टरांचे होते. उथळ कट्ट्यावर पट्ट्यांच्या जोरावर चालत असलेली, बाजूंना गोळ्यांनी चाळण झालेली गाडी धडधाकट वाटते, कारण तिचे वजन प्रवाळ पेलत असतो. कडेपलीकडच्या खोल पाण्यात ती तरंगू लागते तेव्हाच प्रत्येक भोकातून पाणी आत येते. अशा आणखी १५ गाड्या पुढचे सैनिक आणायला निघाल्या आणि खोल पाण्यात पोहोचताच बुडाल्या. परिणाम असा झाला की होड्यांतल्या माणसांना कट्ट्याच्या कडेला उतरून छातीभर पाण्यातून, कोणत्याही आडोशाशिवाय, शेकडो मीटर चालत यावे लागले. तारावाची जी भयंकर दृश्ये लोकांच्या मनात राहिली आहेत ती बहुतांशी या चालत आलेल्या लाटांची आहेत. पहिल्या फेरीने किनारा मिळवला होता. दुसऱ्या फेरीला पुरेशा गाड्या उरल्या नाहीत.

बटालियनचे कमांडर मेजर हेन्री ड्रूज पहिल्याच दिवशी मारले गेले. किनाऱ्यावर नारळाच्या ओंडक्यांची साधारण चार फूट उंचीची भिंत होती, आणि तिने बहुतेक गाड्या अडवल्या. तिसऱ्या पुळणीवर, जिला नकाशावर ‘रेड थ्री’ म्हटले होते, दोन गाड्यांना भिंतीतील खिंडार सापडले आणि त्या धावपट्टीच्या कडेपर्यंत गेल्या. इतर गाड्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि वरून हातबाँब पडू लागले. अशाच एका ‘ओल्ड लेडी’ नावाच्या गाडीचा प्रमुख कॉर्पोरल जॉन स्पिलेन याने आत पडणारे हातबाँब उचलून परत फेकायला सुरुवात केली. तो बेसबॉलचा उत्तम खेळाडू होता. शेवटचा बाँब त्याच्या हातात फुटला आणि उजवा हात कापावा लागला. त्याला नेव्ही क्रॉस मिळाला. स्वतः कर्नल शूप, ज्यांच्याकडे किनाऱ्यावरची सूत्रे होती, तेही होडीतून कट्ट्यापर्यंत आले आणि जखमींना घेऊन परतणाऱ्या एका ट्रॅक्टरला थांबवून, जखमी होडीत हलवून, त्यातून धक्क्यापर्यंत गेले. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो: हल्ल्याचा कमांडर किनाऱ्यावर पोहोचला तोही परतीच्या गाडीमुळे.

७६ तासांनी लढाई संपली तेव्हा १२५ पैकी केवळ ३५ ट्रॅक्टर चालू स्थितीत होते आणि बटालियनची निम्म्याहून अधिक माणसे मृत वा जखमी होती. अमेरिकेचे सुमारे एक हजार सैनिक मारले गेले आणि दोन हजारांहून अधिक जखमी झाले. ट्रॅक्टरांनी तारावा जिंकला, असे विधान नेहमी केले जाते. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. ट्रॅक्टर नसते तर पहिले पाऊलही पडले नसते, हे निर्विवाद आहे. पण १२५ ही संख्या तीन लाटांपुरती होती, झीज-नुकसान धरून पुढच्या दोन दिवसांसाठी नव्हती. राखीव गाड्या, बुडू लागलेली गाडी ओढून आणणारी यंत्रणा आणि पाण्याच्या कडेला दुरुस्तीची सोय या तिन्हींचा हिशेब योजनेत अपुरा होता.

पुढच्या सात महिन्यांत हा हिशेब बदलला. एलव्हीटी-४ मध्ये इंजिन पुढे नेऊन मागे उतरण्याचा फळा दिला गेला, म्हणजे सैनिक गाडीच्या आडून बाहेर पडू लागला. माझ्या दृष्टीने युद्धकाळातील ही सर्वांत मोठी सुधारणा, तोफांपेक्षाही मोठी. सोबत बुरूज आणि तोफ असलेल्या चिलखती आवृत्त्या आल्या. १५ जून १९४४ रोजी साइपानवर सुमारे ७०० ट्रॅक्टरांनी वीस मिनिटांत आठ हजार मरीन उतरवले. तिथे मात्र उलटा धडा मिळाला: गाड्यांनी सैनिकांना थेट आतल्या टेकड्यांपर्यंत न्यावे ही कल्पना तोफमारा, झाडोरा आणि दलदल यांपुढे टिकली नाही, कारण पाण्यावर तरंगण्याइतके पातळ कवच जमिनीवरच्या लढाईला पुरत नाही. जुलैमध्ये तिनियनवर जपान्यांनी अपेक्षा धरली नव्हती अशा ठिकाणी, एक जेमतेम ५५ मीटर आणि दुसरी त्याच्या अडीचपट रुंद अशा दोन चिंचोळ्या पुळणींवर उतरायचे ठरले. बाजूंना प्रवाळाचे उभे कडे होते. नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी काही ट्रॅक्टरांवर तुळया आणि फळ्यांचा उतार बसवला: गाडीने कड्याला टेकून तुळयांचे टोक वर अडकवायचे, मागे सरकून उतार मोकळा करायचा आणि मागच्या वाहनांनी त्यावरून चढून जायचे. इतकी साधी आणि इतकी चोख युक्ती मी उभयचर युद्धाच्या इतिहासात दुसरी पाहिलेली नाही.

युद्धानंतरचा भाग थोडक्यात. १९५०च्या दशकात आलेली एलव्हीटीपी-५ ही छप्पर असलेली प्रचंड गाडी होती, पण तिच्या पेट्रोलच्या टाक्या सैनिक बसत त्या फरशीखाली होत्या. व्हिएतनाममध्ये, जिथे पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनने ती चालवली, सुरुंगाच्या भीतीने सैनिक आत बसण्याऐवजी छतावर बसू लागले. यंत्राविषयी सैनिकाचा अभिप्राय याहून स्पष्ट असू शकत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस ॲल्युमिनियमच्या कवचाची, पाण्याचे झोत मागे फेकून चालणारी एलव्हीटीपी-७ आली. हीच पुढे सुधारून एएव्ही-७ झाली. त्याच दशकात बटालियनचे नाव बदलले. नॉर्थ कॅरोलायनातील कॅम्प लेज्यून हा तिचा तळ. १९९१च्या आखाती युद्धात तिच्या गाड्या समुद्रातून उतरल्याच नाहीत. त्या वाळवंटातील सुरुंगपट्ट्यांतून वाट काढत गेल्या.

२००३ मध्ये या बटालियनची ‘ए’ कंपनी ज्या दलाबरोबर इराकमध्ये गेली त्याचे नावच टास्क फोर्स तारावा होते. २३ मार्चला नासिरिया शहरातील युफ्रेटिसवरचा आणि उत्तरेकडील सद्दाम कालव्यावरचा असे दोन पूल ताब्यात घ्यायचे होते. शहराच्या पूर्वेकडून वळसा घालायला गेलेल्या तुकडीचे रणगाडे आणि उभयचर गाड्या सांडपाण्याच्या चिखलात रुतल्या. मधल्या रस्त्याने गेलेल्या गाड्यांवर दोन्ही बाजूंनी रॉकेटचा मारा झाला, आणि कालव्यापलीकडे पोहोचलेल्या कंपनीवर आपल्याच ए-१० विमानांनी चुकून हल्ला केला. जखमींना मागे नेण्यासाठी काही गाड्या त्याच रस्त्यावरून उलट फिरल्या आणि पुन्हा माऱ्यात सापडल्या. त्या दिवशी १८ मरीन मारले गेले. साठ वर्षांनी, समुद्रापासून दूर, तोच प्रश्न समोर आला होता: जाणारी गाडी परत कशी येणार. ऑगस्ट २००५ मध्ये हदिथाजवळ अशीच एक गाडी रस्त्यातील स्फोटाने उडाली आणि १४ मरीन गेले. सपाट तळाचे वाहन रस्त्यावरच्या युद्धात वापरण्याची मर्यादा त्यातून उघड झाली.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. जुनी गाडी बदलण्यासाठी पाण्यावर वेगाने घसरत जाणारी ईएफव्ही नावाची गाडी अनेक वर्षे विकसित केली गेली आणि सुमारे तीन अब्ज डॉलर खर्चून जानेवारी २०११ मध्ये रद्द झाली. त्यामुळे १९७०च्या दशकातील सांगाडे आणखी दहा वर्षे पाण्यात जात राहिले. ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटे बेटापासून जहाजाकडे परतत असताना एक एएव्ही बुडाली. आतल्या १६ पैकी नऊ जण गेले. चौकशीत जे निघाले ते वाचताना तारावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही: पाणी शिरू देणारी जुनी वाहने, बिघडलेले ट्रान्समिशन (इंजिनाची ताकद पुढे पोहोचवणारी यंत्रणा), त्यामुळे दुबळे झालेले उपसा पंप, सरावाचा अभाव, बचावाच्या होड्या जवळ नसणे आणि बाहेर पडण्याचा हुकूम फार उशिरा देणे. शत्रूची एक गोळीही नव्हती. आणि ती फेरी परतीची होती. डिसेंबर २०२१ मध्ये मरीन कोअरने एएव्हीचा नेहमीचा जलवापर थांबवला.

तिची जागा घेणारी एसीव्ही आठ चाकांची आहे आणि तीन चालक-कर्मचाऱ्यांखेरीज १३ सैनिक नेते, म्हणजे एएव्हीपेक्षा बरेच कमी. व्ही आकाराच्या तळामुळे सुरुंगापुढे ती कितीतरी चांगली आहे. हा हदिथाचा धडा. पण जुलै २०२२ मध्ये मोठ्या लाटांत तिच्या दोन गाड्या बंद पडल्या, त्यांतली एक कलंडली, आणि फेसाळत्या लाटांच्या पट्ट्यातून चालवण्यावर काही काळ बंदी आली.

तेव्हा अशा बटालियनची गरज आहे का? तारावासारखी तटबंदीवर समोरून चढाई कोणी आज करील असे मला वाटत नाही. किनाऱ्यावरच्या क्षेपणास्त्रांमुळे जहाजांना इतके दूर राहावे लागेल की ताशी १० किलोमीटरने तरंगणारी गाडी तिथून सोडताच येणार नाही. मात्र बेटांच्या प्रदेशात एका बेटावरून दुसऱ्यावर, लगूनमधून, धक्का किंवा बंदर नसलेल्या ठिकाणी माणसे आणि माल हलवायचा असेल, तर प्रवाळाचा कट्टा, भांगेची भरती आणि चार फूट पाणी मागणारी होडी हे गणित १९४३ मध्ये होते तसेच आहे. त्या कामासाठी बटालियन ठेवावी असे माझे मत आहे. पण तिचे मोजमाप पहिल्या लाटेत किती गाड्या जातात यावर न करता, पहिल्या दिवसाच्या संध्याकाळी किती गाड्या पुन्हा पाण्यात घालता येतात यावर करावे. आणि खरेदीच्या अंदाजपत्रकात सुटे भाग, दाराच्या रबरी पट्ट्या, पंप, ओढून आणणारी वाहने आणि चालकांचे पाण्यातले तास यांना गाडीच्या किमतीच्या आधी जागा द्यावी.